फक्कीची भिंत

"आणि यात शिरायचं कुठून?" तात्यांनी विचारलं.

शिरीष बोंद्रे हसला. हा प्रश्न येणार हे त्याला ठाऊक होतं, आणि उत्तर तो जिभेवर घेऊनच आला होता. गावाच्या नव्या सार्वजनिक ग्रंथालयाची लहानशी प्रतिकृती त्याने तात्यांच्या पडवीत, त्यांच्या पुढ्यात मांडली होती. पांढरा घुमट, काचेचे सज्जे, आणि पूर्वेला घंटा चौकाकडे उतरणाऱ्या रुंद पायऱ्या. पायऱ्यांच्या माथ्यावर हत्ती जाईल एवढा सागवानी दरवाजा. त्याने त्या दरवाजावर बोट ठेवलं.

"इथून, तात्या. माणूस चौकात आला की आधी थबकला पाहिजे."

"थबकला पाहिजे..." तात्या म्हणाले, आणि शेंगा सोलायला लागले.

तात्या केळूसकरांनी उभा जन्म बांधकामात घालवला. घरं बांधली, शाळा बांधल्या, आणि शिष्य तर किती घडवले याची त्यांनाच कल्पना नसेल. पण शिष्याला कधी चांगलं म्हणाले नाहीत. वाईटही म्हणत नसत. नुसते शेंगा सोलत.

शिरीषचं आता नाव झालं होतं. परगावचे लोक त्याचं काम बघायला येत, वर्तमानपत्रात फोटो येत. एवढं असून या म्हाताऱ्याच्या तोंडून एकदा 'जमलं' ऐकायचं राहून गेलं होतं, आणि ते त्याला आतून खात होतं.

म्हणून त्याने गळ घातली. उद्या सकाळी भूमिपूजन आहे, पुढारी येणार आहेत, पण पहिली कुदळ तुम्हीच मारायची. तात्या आजवर एकाही शिष्याच्या भूमिपूजनाला गेले नव्हते.

तात्यांनी हातातली शेंग फोडली. दाणे तोंडात टाकले...

"येतो," ते म्हणाले. "आखणी बघीन म्हणतो."

शिरीषला आभाळ ठेंगणं झालं.

जागा ऐन पेठेत होती. पूर्वेला चौक, पश्चिमेला मंडई. शिरीषने फक्कीच्या पांढऱ्याशुभ्र रेघांनी सगळ्या भिंती जमिनीवर आखून घेतल्या होत्या. दाराच्या जागी रेघ तोडली होती. आणि गंमत अशी, की आखणी झाल्यापासून हा गृहस्थ त्या तोडलेल्या जागेतूनच आत जाई. रेघ ओलांडायची नाही. आपण भिंत म्हटलं ना, मग ती भिंत. गवंडी तोंडाला पटका लावून हसत.

मंडईतल्या लोकांना मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. वर्षानुवर्षं ते या मोकळ्या जागेतून चौकात जात आले होते, तसेच आजही जात होते. पश्चिमेची रेघ रोज पुसली जाई आणि शिरीष रोज ती नव्याने ओढून घेई. आज तात्या येणार, तेव्हा तो पहाटेपासून स्वतःच तिथे उभा राहिला होता. येणाऱ्याजाणाऱ्याला हाताने वळवत होता. पूजेची मांडामांड दुसऱ्यांवर सोपवली होती.

तात्यांची रिक्षा आली ती नेमकी मंडईकडून. ते काठी टेकत उतरले आणि सरळ रेघेपर्यंत आले.

"इकडून नको, तात्या," शिरीष अदबीने म्हणाला. "इथं भिंत आहे. दार चौकात आहे."

तात्यांनी रेघेकडे पाहिलं. शिरीषकडे पाहिलं...

आणि ते वळले. गुडघ्यांनी त्रासलेला तो म्हातारा अख्ख्या जागेला वळसा घालून, गर्दीतून वाट काढत चौकात गेला आणि रेघ तोडलेल्या जागेतून आत आला. शिरीषचा ऊर भरून आला. त्याची इमारत उभी राहण्याआधीच त्याच्या गुरूने तिचा मान राखला होता.

तेवढ्यात त्याची पाठ वळल्याचं पाहून मंडईतल्या दोघी बायका, डोक्यावर मेथीच्या पाट्या घेऊन, रेघ तुडवत आत आल्या.

"बाई, ही भिंत आहे," शिरीष धावत जाऊन म्हणाला. संताप त्याला आवरेना.

"असू द्या की," पुढची म्हणाली. "हुबी ऱ्हायली म्हंजी जाऊ वळसा घालून."

"हितं काय हुनार वो?" मागचीने विचारलं.

पुस्तकांचं घर होणार, तात्यांनी सांगितलं. कुणीही यावं, बसावं, वाचावं.

"आमी बी?"

"तुम्ही बी."

तिने मान वळवून सगळी जागा एकदा नजरेखालून घातली. पाटी सावरली, खुशीत हसली, आणि दोघी चौकाकडे निघून गेल्या.

शिरीषचं तिकडे लक्षच नव्हतं. तो गवंड्याला फक्कीची पिशवी घेऊन बोलावत होता. पश्चिमेच्या भिंतीचं पार भगदाड झालं होतं. तिथून निघालेली पांढरी पावलं थेट आतपर्यंत, जिथे वाचनाचं दालन होणार होतं तिथपर्यंत आली होती.

तात्या त्या पावलांपाशी वाकून उभे होते.

भटजींनी हाक दिली. पुढारी घड्याळ बघायला लागले. शिरीषने हार घातलेली कुदळ दोन्ही हातांनी तात्यांपुढे धरली.

तात्यांनी ती घेतली. जोखली. मग त्या पांढऱ्या पावलांकडे एकवार पाहिलं आणि ती शिरीषच्याच हातात परत ठेवली...

"तात्या," शिरीष म्हणाला, "मुहूर्त टळतोय."

"मुहूर्त मघाशीच होऊन गेला, शिरीष. तू तेव्हा भिंत राखत होतास."