कासविणीच्या साली

फार पूर्वी एका रानात कोल्हा कारभारी होता. फळांच्या साली कुठे टाकायच्या, याचा नियम तो सारखा बदलायचा. कधी वडाखाली, तर कधी टेकडीवर. कावळे तिथूनच कचरा उचलत.

कासवीण साली घेऊन हळूहळू पोचायची, तोवर जागा बदललेली असायची. घरात साली साचल्या, मुंग्या झाल्या आणि पिल्लांना चावू लागल्या. शेवटी ती कोल्ह्याकडे गेली.

"दादा, पिल्लांना सोडून निघवत नाही. आजचं ओझं तुम्ही न्याल?"

"त्यात काय एवढं!" म्हणत कोल्हा ओझं घेऊन टेकडी चढला.

वर कावळा म्हणाला, "इथे नाही, कारभारी. कालच तुम्ही ओढ्याकाठी टाकायला सांगितलंत."

कोल्हा धापा टाकत मटकन खाली बसला. मग कावळ्याला म्हणाला, "जा, साली कुठे टाकणं सोयीचं पडेल, ते कासवीणबाईंना विचारून ये."