पाचव्या दिवसाचं तिकीट

मुलांनो, क्रिकेटमधलं माझ्याइतकं या पंचक्रोशीत कुणालाही कळत नाही. आता, मी आयुष्यात बॅट धरली ती एकदाच, शेजारच्या वळूला हाकलायला, आणि पळालो मीच, ते सोडून द्या. तर एका जंगलात, तळ्याकाठच्या मैदानावर, एक कासव मुक्कामाला असे. दिवसभर ते खेळपट्टीवर पोट घासत फिरे, त्यामुळे वेगळा रोलर लागत नसे. त्याचा सगळा जीव एकाच गोष्टीत होता : तळ्यावरचे आणि डोंगरावरचे यांच्यातला, दर वर्षीचा, पाच दिवसांचा सामना.

मैदानाचा कारभारी होता कोल्हा. त्यानं संध्याकाळचे सामने सुरू केले होते. दोन घटकांत खेळ खलास, चेंडूगणिक षटकार, वर माकडांचे ढोल. तिकीट पसाभर दाणे, आणि दाण्यांच्या राशी लागत. एक दिवस तो कासवाला म्हणाला, "कासवराव, तुमच्या सामन्याला येतं कोण? दोन घुबडं, तीही झोपायला! यंदाचा शेवटचा. पुढच्या वर्षीपासून इथे फक्त संध्याकाळचा खेळ." कासव म्हणालं, "कारभारी, एक संधी तरी द्या." कोल्ह्यानं माकडांकडे बघून डोळा मारला. "दिली! पहिल्या चार दिवसांचे दाणे माझे, पाचव्या दिवसाचे सगळे तुमचे. त्यात मैदानाचा वर्षाचा खर्च भागला तर सामना राहील." माकडं हसून हसून फांदीवरून पडली. कारण पाचव्या दिवशी मैदानावर कुणी फिरकत नसे. पंच असलेला बगळासुद्धा एका पायावर पेंगत असे. कासव मात्र म्हणालं, "कबूल."

सामना सुरू झाला. डोंगरवाल्यांनी धावांचा डोंगरच रचला. चौथ्या दिवशी खेळ थांबला तेव्हा तळ्यावरच्यांचे फक्त दोन गडी उरले होते, साळू आणि खुद्द कासव. जिंकणं तर अशक्यच. एकच वाट होती : पाचवा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत बाद व्हायचं नाही. सकाळी बिबट्या चेंडू घेऊन सुसाट धावत आला. चार दिवसांत खेळपट्टीला भेगा पडल्या होत्या. चेंडू कधी नाकाशी उसळे, कधी सापासारखा वळे. पण त्या खेळपट्टीची भेग न् भेग कासवाला पोटानं पाठ होती. ते समोरून ओरडे, "साळूताई, हा बाहेर जाणार. सोड!" साळूचे काटे शिवशिवायचे. "दादा, एकच षटकार मारू?" "मारून तर बघ, तळ्यात बुडवीन!"

जेवणाच्या सुट्टीत कावळा जंगलभर बोंबलत सुटला, "अरे, ती दोघं अजून आहेत! अजून आहेत!" आधी खारी आल्या, मग हरणं. चहापानापर्यंत अस्वलं नि हत्ती रांगेत उभे राहिले. संध्याकाळच्या खेळात षटकाराला जांभया देणारी मंडळी इथे सोडलेल्या चेंडूला शिट्ट्या मारू लागली! माकडंही ढोलासकट इकडेच आली. सामन्यापुरता संध्याकाळचा खेळ पलीकडच्या माळावर हलवून तिथे एकटा पडलेला कोल्हा धावत दाराशी आला, तर तिकिटावर बसलेली मुंगी म्हणाली, "पसाभर दाणे."

"अगं, मी कारभारी!"

"आजचा दिवस कासवाचा आहे. रांगेत या, काका."

काका रांगेत उभे राहिले, दाणे मोजले आणि जागा मिळाली ती वारुळावर. शेवटचा चेंडू! बिबट्या पार वडाच्या झाडापासून धावत आला. चेंडू नेमका मोठ्या भेगेवर पडला आणि फणा काढल्यासारखा उसळला. कासवानं बॅट बाजूला घेतली आणि मान कवचात ओढली. चेंडू सूं करत डोक्यावरून गेला. बगळ्यानं दोन्ही पाय टेकले आणि ओरडला, "सामना अनिर्णित!" मग काय विचारता! तळ्यावरचे नाचले, डोंगरावरचेही नाचले, बिबट्यानं स्वतः येऊन कासवाची पाठ थोपटली. हत्तीनं कासवाला सोंडेवर घेऊन मैदानाला फेरी मारली. साळूला घ्यायची हिंमत त्याला झाली नाही. आणि दाराशी दाण्यांची अशी रास पडली, की एक सोडून तीन वर्षांचा मैदानाचा खर्च निघाला.

तात्पर्य : ज्या दिवसाला कुणी किंमत देत नाही, तो दिवस टिकून राहणाऱ्याच्या पदरात सगळ्यात जास्त टाकून जातो.

कोल्ह्याला मात्र हे तात्पर्य काही पचेना. वारुळातल्या मुंग्या अंगावरून झटकत तो म्हणाला, "ते राहू दे. पाच दिवस खेळून शेवटी जिंकलं कोण?"

"कुणीच नाही," कासव म्हणालं, "म्हणून तर सगळे आजच पुढच्या सामन्याचं तिकीट मागतायत."