पकडलेली लाट

"पण बाई, सगळीकडे हा एकच शब्द का खोडलाय?"

पुष्कर गुप्तेने प्रबंध केळुसकरबाईंच्या खुर्चीजवळ आपटलाच म्हणायचा. खाली वाळू होती म्हणून आवाज झाला नाही.

विषय होता सर्फिंग आणि स्केटबोर्डिंग करणाऱ्यांची संस्कृती. शहरात उड्डाणपुलाखाली चाकांच्या फळीवर घसरणारी पोरं आणि इथे कोकणच्या किनाऱ्यावर लाटेवर उभी राहणारी. या सगळ्यांत पुष्करने चार वर्षं काढली होती. बाई त्याच्या मार्गदर्शक. निवृत्त झाल्यावर त्या या किनाऱ्यावर राहायला आल्या आणि साठी उलटल्यावर बोर्डवर उभ्या राहिल्या.

बाईंची सही झाली की सोमवारी प्रबंध सादर होणार आणि पुष्करची प्राध्यापकी पक्की होणार. नाही झाली, तर ती जागा दुसऱ्याला जाणार. दोघांनाही हे ठाऊक होतं.

खोडलेला शब्द होता 'पकडली'.

"सगळे सर्फर असंच म्हणतात, बाई. लाट पकडली. मी त्यांचीच भाषा लिहिलीय."

"त्यांना म्हणू दे."

"मीही म्हणतो. काठावर बसून लिहिणारा नाही मी. मला सर्फिंग येतं."

हे मात्र खरं होतं. पुष्करला बरंच काही येत होतं, आणि ते येतं हे सांगायलाही छान येत होतं.

"लाट पकडता येते तुला?"

"येते."

"मग आण एक."

पुष्कर हसला. बाई हसल्या नाहीत.

"बाई, सही..."

"आधी आण."

म्हातारपणी माणूस चक्रम होतो, असं मनात म्हणत त्याने बोर्ड उचलला. पोटावर झोपून हातांनी पाणी मागे सारत तो पार आत गेला आणि बोर्डवर बसून राहिला. सूर्य कलला होता. समुद्र गप्प होता. तो जितका वेळ गप्प राहिला, तितका वेळ पुष्कर प्राध्यापकीचा विचार करत होता.

मग ती उठली.

एवढी मोठी त्याने कधी पाहिली नव्हती. पाठीमागून ऊन आल्याने ती आरपार हिरवी दिसत होती, आणि तिच्या पोटात मासे होते. लहान मासे, थवेच्या थवे, त्याच्या डोक्याच्याही वर पोहत होते.

बोर्ड वळवायचा असतो. हात मारायचे असतात. नेमक्या क्षणी उठायचं असतं. त्याने यावर एक आख्खं प्रकरण लिहिलं होतं.

त्याचे हात मांडीवर तसेच राहिले.

लाटेने त्याला उचललं. वर, आणखी वर. तिथून त्याला किनारा दिसला, माड दिसले, खुर्चीतल्या बाई दिसल्या. मग तिने त्याला अलगद खाली ठेवलं आणि ती निघून गेली.

पुष्कर परतला तेव्हा त्याच्या पायाखालची वाळू सरकत होती, अगदी खरोखरची. लाट बाईंच्या पायांपर्यंत येऊन गेली होती. प्रबंध भिजला होता. बाईंनी तो उचलला नव्हता. त्या खुर्चीतून उठून उभ्या होत्या, गुडघे दुखत असतानाही. चपला त्यांनी बाजूला काढून ठेवल्या होत्या.

"आणलीस?"

पुष्करने मान हलवली. नाही. चेहऱ्यावरचं सगळंच पाणी काही समुद्राचं नव्हतं.

"मासे होते, बाई... तिच्यात..."

"हं."

"मी नुसता बघत राहिलो..."

भिजलेल्या प्रबंधाची पानं वाऱ्यावर उलटायला बघत होती, पण चिकटून राहिली होती. पुष्करने तिकडे पाहिलंही नाही.

"बाई, मला काही येत नाही."

बाईंची नजर समुद्रावरून हलली नाही.

"आता येईल."