दिगूमामाने राखलेली मटकी

एका गावात एक भोळा मामा होता. गाव म्हणजे पुणं हां. पुण्याला गाव म्हटलं की लोक चिडतात, पण तेच लोक कोथरूडहून निघताना 'जरा गावात जाऊन येतो' म्हणतात. त्यामुळे गप ऐका.

तर हा दिगूमामा बहिणीकडे राहायचा, नोकरी शोधायचा. नोकरी त्याला बघून लपायची. त्याची भाची सावनी आठवीत. शाळेचं विज्ञान प्रदर्शन आलं होतं. आदल्या वर्षी तिचा ज्वालामुखी फुटलाच नाही, त्याच्या आदल्या वर्षी पवनचक्की फिरलीच नाही. यंदाही फजिती झाली तर विज्ञानाच्या टेंबेबाई तिला प्रदर्शनात परत कधी टेबलच देणार नव्हत्या. शेवटचा चान्स! आणि आई-बाबा ऑफिसात, म्हणून मदतीला कोण? मामा. बोंबला.

प्रयोग सोप्पा. मटकीला मोड कुठे चांगले येतात? एक वाटी अंधारात, एक उजेडात, एक बिनपाण्याची.

शाळेत जाताना सावनी म्हणाली, "मामा, कपाटातल्या वाटीवर लक्ष ठेव हां."

मामाने ठेवलं. कपाटात शिरून, टॉर्च लावून, पार संध्याकाळपर्यंत.

"अरे मामा! ती अंधारातली वाटी होती!"

"अगं, पण अंधारात दिसेना ती."

"बघायचंच नाही! झाकून ठेवायचं!"

"आलं लक्षात."

मग सावनीने प्रदर्शनासाठी मटकीचा तक्ता रंगवला आणि क्लासला गेली. मामाने ओला तक्ता गोधडीने झाकला. चांगला दाबून. तक्ता झाला पांढरा, गोधडीवर उमटली मटकी. गोधडी बाकी झकास दिसत होती.

"मामा! ओलं असेल ते गच्चीवर उन्हात टाकायचं!"

"आलं लक्षात."

दुसऱ्या दिवशी मामाने वाट्यांत बोट घालून पाहिलं. मटकी ओली! गेला गच्चीवर, दिली पसरून. अख्ख्या एरियातली कबुतरं जेवून गेली. एक तर डबा आणल्यासारखं चोच भरून निघालं.

सावनी रडलीच. पुन्हा पहिल्यापासून मटकी भिजवली. डोळे पुसत म्हणाली, "आता हिला तोंड लावायला कोणीही आलं ना, तर झाडू घे आणि हाकल! दया दाखवू नको."

"आलं लक्षात."

टेंबेबाई खालच्याच मजल्यावर राहायच्या. तयारी बघायला वर आल्या. "अगंबाई, मोड छान आलेत की," म्हणत त्यांनी दोन दाणे तोंडात टाकले.

"हाऽऽड!"

बाई जिना उतरल्या तेव्हा पायात एकच चप्पल होती. दुसरी मामाने मागून फेकली.

सावनीने खाली जाऊन माफी मागितली. बाई म्हणाल्या, "उद्या परीक्षक काय म्हणतात बघू. मग ठरवते तुझं."

सावनीने वर येऊन हात जोडले. "मामा, मोठं माणूस आलं तर हाकलायचं नाही रे! बसवायचं, खायला द्यायचं. नको म्हणाले तरी आग्रह करायचा!"

"एवढंच ना? आलं लक्षात."

प्रदर्शनाच्या दिवशी तिन्ही वाट्या टेबलावर. अंधारातल्या मटकीला असले मोड आले होते, की सावनीला पहिल्यांदाच वाटलं, जमलं आपलं! ती खूश होऊन, मामाला टेबलापाशी उभं करून बिल्ला आणायला गेली. तेवढ्यात परीक्षक आले.

मामाने त्यांना बसवलं. आता खायला काय द्यायचं? गेटवरच्या भेळवाल्याकडून कांदा आणि फरसाण आणलं. शेजारच्या टेबलावर लिंबाची बॅटरी होती. त्यातलं एक लिंबू उपटलं, तिथला दिवा विझला, एक पोरगी किंचाळली. मामाने तिन्ही वाट्या एकत्र केल्या, वर लिंबू पिळलं. मटकीभेळ तयार.

"अहो, नको नको," परीक्षक म्हणाले.

"असं कसं? घ्यायलाच लागेल!"

परीक्षकांनी घेतली. मग परत घेतली. "फस्क्लास झालीये! मधेच खडा लागतो फक्त."

"ती बिनपाण्याची," मामा म्हणाला.

सावनी धावत आली, मागोमाग टेंबेबाई. परीक्षकांनी तोंड पुसलं, पेन काढलं. "हं बाळा, कुठाय तुझा प्रयोग?"

सावनीने रिकाम्या वाट्यांकडे पाहिलं. मग मामाकडे पाहिलं.

"संपला हो साहेब," मामा म्हणाला, "पण तुम्हाला अर्धपोटी नाही सोडणार! पलीकडच्या टेबलावर पावाचा प्रयोग आहे. जरा हिरवा झालाय, पण थांबा, आणतोच!"