पटक्याआडचा रन आउट

एकदा एका वस्तादानं कसोटीचा पाचवा दिवस ऐन रंगात आला असताना डोक्याचा पटका सोडला आन् टीव्हीवर टाकला. चांगल्या धडधाकट मानसानं असं का करावं? सांगतो. पन मधी बोलू नका.

गावच्या तालमीच्या सोप्यात टीव्ही व्हता. सकाळी कुस्त्या, दुपारी क्रिकेट. वस्ताद म्हातारा, पन रिमोट त्याच्या मांडीखाली. त्याच्या हाताखाली वाढलेला भैरू गावच्या क्रिकेट टीमचा कप्तान. अंगानं दांडगा, तोंडानं त्याहून दांडगा. त्याचा जिवाभावाचा दोस्त तुळशीराम, ह्याच तालमीतला. पन मागच्या सामन्यापासनं दोघांचं बोलनं बंद.

झालं काय, आमच्याकडं अंपायर बाहेरून आनत न्हाईत. जी टीम बॅटिंग करती तिचाच गडी अंपायरला उभा ऱ्हातो. आता आपल्याच मानसाला आउट कोन देतंय? बोल्ड झाला तर नाइलाज, बाकी समदं नाबाद. ही रीतच हाय, दोन्हीकडची. मागच्या सामन्यात तुळशीराम अंपायरला उभा, भैरू बॅटिंगला. भैरू दुसऱ्या रनला पळाला, फेकी आली, दांड्या उडाल्या. तुळशीरामनं बोट वर केलं! आपल्याच कप्तानाला! गाव हारलं. भैरू तवापासनं सांगत फिरत व्हता, "बॅट आत व्हती माझी. ह्यो दोस्त न्हाई, वैरी हाय."

कसोटीच्या ह्या पाचव्या दिवसाच्या दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावाशी सामना व्हता. भैरूनं सोप्यात बसल्या बसल्या समद्यांच्या म्होरं सांगून टाकलं, "ही टीव्हीवरची मॅच संपली की जाऊन तुळशाला सांगनार. उद्यापासनं तू टीममधी न्हाईस." तुळशीराम तिकडं मैदानावर एकटाच दगडी रूळ ओढत पिच दाबत व्हता. त्याला कुनकुन लागली व्हती, तरी ओढत व्हता.

वस्तादानं ऐकलं.

इकडं टीव्हीवर तर आग लागलेली. आपली बॉलिंग, समोरच्या टीमची शेवटची जोडी, त्यांना जिंकाय थोडंच रन, आन् आपल्या कप्तानानं मानसं समदी लांब लावलेली.

"आरं जवळ आना की!" भैरू गुडघ्यावर उठला. "एकेक रन फुकट वाटतोय ह्यो! काय हळदीकुंकू हाय का?"

सलूनवाला दिगू म्हनला, "जवळ आनली आन् डोक्यावरनं चौका गेला म्हंजी? तू येनार का अडवाय?"

"स्लिपमधी तरी ठेव एक! बॉल वळतोय, दिसंना का?"

"तुला हितनं दिसतोय, त्याला तिथनं दिसंना व्हय!"

तेवढ्यात फिरकीवाल्याचा बॉल पडला, वळला, धाडदिशी पॅडवर. सोपा उभा ऱ्हायला. "आउट! आउट हाय!" अंपायरनं मान हलवली. न्हाई. आपलं रिव्ह्यू तर कवाच संपलेलं.

मग शिव्यांचा जो पाऊस पडला म्हनता! "डोळ्यात फूल पडलंय त्याच्या!" "हानला पायजे!" भैरूनं तर टीव्हीकडं चप्पल उगारली. तवर रिप्ले आला. बॉल लेगच्या बाहेरनं चालला व्हता. चांगला ईतभर.

दिगूनं भैरूकडं बघितलं.

भैरू म्हनला, "मशीनबी त्येंचीच आसल."

लोक हसली. वस्ताद न्हाई हसला.

पुढच्याच ओव्हरला त्यांच्या डावऱ्यानं बॉल हळूच ढकलला आन् पळाला. पलीकडचाबी पळाला. आपल्या पोरानं आडवं पडून बॉल उचलला, तसाच फेकला. दांड्या उडाल्या, बॅट्समन लांब झेपावला, धुरळाच धुरळा. मैदानातल्या अंपायरनं हातानं चौकोन काढला. तिसऱ्या अंपायरकडं!

आन् त्याच टायमाला वस्ताद उठला. आवाज बंद केला. डोक्याचा पटका सोडून टीव्हीवर टाकला.

सोप्यात नुसता कालवा. "वस्ताद! आवो वस्ताद, काय करताय!" "पटका काढा, पाया पडतो!" दिगूला तर रडू यायचं बाकी व्हतं. पन वस्तादाच्या पटक्याला हात लावायची छाती कुनाची?

वस्ताद म्हनला, "भैरू, उठ. मधी उभा ऱ्हा. तू अंपायर. सांग."

"आउट!" भैरूनं बोट वर केलं, दम घ्यायच्या आधी. "डोळ्यानं बघितलं म्या."

"डोळ्यानं बघितलंस?"

"व्हय!"

"बॅट रेघेवर व्हती का आत?"

"रेघेवर."

"दांडी आदी उडाली का बॅट आदी टेकली?"

"दांडी."

"बरं. आता त्यो पळनारा आपला हाय. आपल्याच टीमचा. त्यो गेला की आपन हारलो. सांग."

भैरूनं तोंड उघडलं. "आपला आसता तर..." म्हनला, आन् तिथंच अडला. बोट वरच ऱ्हायलं. समद्यांनी ओळखलं काय येत व्हतं तोंडात. त्यालाबी कळलं.

शेजारच्या घरातनं मोठ्यांदा ओरडा आला. तिकडं निकाल लागला व्हता. दिगू कपाळ बडवाय लागला, "कायतरी झालं वो! वस्ताद, कायतरी झालं!"

"व्हऊ दे," वस्ताद म्हनला. "भैरू, सांग. घाई न्हाई."

भैरूनं बोट खाली घेतलं. मानूस तापट, पन खोटा न्हवता. म्हनला, "मला दिसलं न्हाई, वस्ताद. धुरळा व्हता."

वस्ताद जवळ आला. "तुळशालाबी तेवढंच दिसलं व्हतं, जेवढं तुला आत्ता. एकदाच, आन् धुरळ्यात. त्याला मागं रिप्ले न्हवता. त्यानं नाबाद म्हनलं आसतं तर त्याला कुनी इचारलं नसतं, रीतच हाय आपली. गावानं खांद्यावर घेतला आसता. तरी त्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं, समोर दोस्त पळत आसताना. चुकलाबी आसल. तुझी बॅट आतबी आसल, कुनाला ठाव. पन चुकनं येगळं आन् जानून फिरवनं येगळं. त्यो चुकला म्हनून तू त्याला काढत न्हाईस, भैरू. त्यो तुझ्या बाजूनं चुकला न्हाई, म्हनून काढतोयस."

एवढं बोलून वस्तादानं पटका उचलला आन् परत बांधाय लागला.

टीव्हीवर नाबाद लागलं व्हतं. बॅट चांगली आत व्हती. खेळ म्होरं चालू झालेला, आन् आता त्यांना जिंकाय एकच फटका पुरं व्हता. लोक परत टीव्हीवर तुटून पडली. भैरू मातूर उठला. अशा टायमाला उठला! दिगू वरडला, "आरं कुठं चाललास मर्दा, मॅच हितं हाय!"

भैरू मैदानावर गेला. तुळशीराम रूळ ओढत व्हता, घामानं निथळलेला. भैरूला बघून थांबला. म्हनला, "सांग. सांगाय आलायस ते सांग आन् जा. पिच झाल्याबिगर म्या हालनार न्हाई."

भैरूनं रुळाची दुसरी बाजू धरली. दोघांनी पिचच्या टोकापातूर ओढला, मग परत फिरवला. मागं तालमीत असला आरडा उठला, की भैरूचं पाय शिवशिवलं. जिंकलं का हारलं? पन रूळ सोडला न्हाई त्यानं.

मग म्हनला, "उद्या पयली बॉलिंग तुझी."

तुळशीराम बघतच ऱ्हायला.

"आन् म्या बॅटिंगला आलो की अंपायरला तूच उभा ऱ्हायचं. दुसरा कोन नको."

तुळशीरामनं कपाळाचा घाम पुसला. "आन् परत आउट दिला तर?"

भैरू लालेलाल झाला. जुना राग गेला कुठं व्हता, तिथंच व्हता. पन रूळ दाबत म्हनला,

"तर तुला शिव्या घालत जाईन. पन जाईन."