आडभिंत

"पण बुवा, ही भिंत ठेवायची तरी कशाला?"

अभिरामनं सकाळपासून चौथ्यांदा विचारलं. या खेपेला त्याच्या हातात घण होता. दगडूबुवा उंबऱ्यात बसून सुपात तांदूळ निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

आमचा मठ म्हणजे माळावरची जुनी मिलिटरीची बराक. महायुद्धात गोऱ्या सोजिरांसाठी घाईघाईत बांधलेली. लांबच लांब, वर कौलं, खिडक्यांच्या काचांना अजून काळा रंग. आणि दारासमोर तीन फुटांवर ती आडभिंत. पुरुषभर उंच, दोन फूट जाड. बाहेरचं आत दिसत नाही, आतलं बाहेर दिसत नाही. भाकरीचं टोपलं घेऊन मी बारा वर्षं तिला वळसा घालतेय आणि कोपरं सोलून घेतेय. तेव्हा तिच्यावर माझंही काही प्रेम नाही.

"तू शिकलेला. सांग बरं, कशाला बांधली?" बुवा म्हणाले.

झालं! मी कपाळावर हात मारला.

बुवा मूळचे गवंडी. अभिराम आर्किटेक्ट. चार वर्षांपूर्वी मन शांत करायला म्हणून आला आणि बराकीचा इतिहासच सांगत सुटला. येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. मला तर झोपेतसुद्धा म्हणता येईल.

"बेचाळीस सालची इमारत," त्यानं सुरू केलं. "विटा मातीत रचलेल्या, वरून नुसते सांधे चुन्याचे. पाच वर्षं टिकली तरी पुष्कळ, असं धरून बांधलेली. आणि ही भिंत बॉम्बसाठी. बाहेर बॉम्ब पडला तर त्याचे तुकडे दारातून आत उडू नयेत, आतली माणसं वाचावीत म्हणून."

"किती पडले?"

"काय?"

"बॉम्ब."

"एकही नाही! तेच तर सांगतोय मघापासून. युद्ध संपलं, सोजीर गेले, आणि लोक ऐंशी वर्षं उगीच वळसा घालताहेत. घाबरटांनी बांधली आणि आळशांनी ठेवली."

"हं..." बुवांनी तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला.

मला राहवेना. मी अभिरामकडे वळले. "अहो, भिंतीचं मरू द्या. पलीकडे तुमचा भाऊ दोन तास उन्हात बसलाय. तिसऱ्यांदा आलाय बिचारा. चारची एसटी चुकेल त्याची."

"मी कळवलंय कौसाबाई. भेटायचं नाही."

आणि त्या मंदारदादाचाही हट्ट असा, की धाकट्यानं बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकणार नाही. दोघे एकाच आईचे, शोभतात अगदी.

त्यांची आई गेली तेव्हा अभिराम कुठल्याशा गडावर बुरूज मोजत होता. फोन लागेना. पोचला तोवर सगळं आटोपलेलं. दादा दारातच म्हणाला, 'आता कशाला आलास? घराचं माप घ्यायला?' बस्स, एवढंच. तेवढ्या एका वाक्यावर हा घर सोडून इथं आला.

"तो पुन्हा तेच बोलेल," अभिराम म्हणाला. "मला ते परत ऐकवणार नाही."

"मागच्या दोन खेपांना काय बोलला?" बुवांनी विचारलं.

"मी भेटलोच नाही. मला काय माहीत?"

बुवा त्याच्याकडे बघत राहिले... मग पुन्हा तांदूळ निवडू लागले.

तेवढ्यात पलीकडून खोकल्याची उबळ ऐकू आली. दादा अगदी आईसारखा खोकतो, असं अभिराम मला एकदा म्हणाला होता. त्याची मान खाली गेली.

"अभी..." भिंतीपलीकडून आवाज आला. "मनूचं लग्न आहे रविवारी. काका आल्याशिवाय बोहल्यावर चढत नाही म्हणते, वेडी कुठली."

अभिराम घणाचा दांडा नखानं खरवडत राहिला.

"निघतो मी. आता पुन्हा नाही व्हायचं रे येणं. गुडघे गेले."

दूर फाट्यावर एसटीचा हॉर्न वाजला. अभिरामचे डोळे भरून आले होते, पण पाय जागचा हलेना. माझा जीव तीळतीळ तुटत होता आणि रागही असा आला होता की काय सांगू.

"अहो, तीन पावलं आहेत हो!" मी ओरडले. "आयुष्यभर मोजमापं घेतलीत, एवढी तीन पावलं टाकवत नाहीत?"

तो माझ्यावर नाही, बुवांवर उसळला. "बघितलंत? या भिंतीपायी माणूस डोळ्यांना दिसतसुद्धा नाही! आत्ताच्या आत्ता पाडतो. कुणी अडवू नका मला."

त्यानं घण डोक्यावर उचलला.

बुवांनी सूप खाली ठेवलं. कण्हत उठले. त्याच्या हातातून घण काढून घेतला आणि उंबऱ्याशी टेकवून ठेवला. मग गवंड्याच्या हातानं ती भिंत दोनदा थोपटली.

पलीकडे दगडावरून कुणीतरी उठल्याचं ऐकू आलं. पिशवी उचलली, चपला सरकवल्या.

"तिला हात लावू नकोस," बुवा म्हणाले. "अजून वापरात आहे."