खोडव्याची तारीख

साखर कारखान्याच्या गट कार्यालयात पीकनोंदीचा संगणक आला आणि त्याच्यापाठोपाठ भाटवडेकरसाहेब आले. लागणीच्या तारखेशिवाय नोंद नाही, असा त्यांचा खाक्या.

एका संध्याकाळी अनसूयाबाई मगदूम खोडव्याची नोंद करायला गेल्या. तोडलेल्या उसाच्या बुडख्यांना त्यांच्या रानात गुडघाभर फुटवे आले होते; हाच खोडवा. नोंद झाली नाही तर तोड मिळणार नव्हती आणि उभा ऊस रानातच वाळला असता.

"लागणीची तारीख?" साहेबांनी विचारलं.

"गेल्या सालचीच. यंदा नवं काय लावलंच नाही."

"ते पीक तोडलं, संपलं! नव्या पिकाला नवं बेणं लागतं. लावल्याशिवाय काही उगवतं का हो, बाई?" साहेब सगळ्यांकडे बघून हसले.

अनसूयाबाईंनी त्यांचा गाल निरखून पाहिला.

"साहेब, सकाळी दाढी घोटूनच घराबाहेर पडला असाल न्हवं?"

"रोजच पडतो."

"मग हे खुंट वर आलेत, त्यांचं बेणं दुपारी कुठनं आणलं?"

अख्खं कार्यालय हसलं. साहेबांनी जुन्या लागणीखालीच खोडवा नोंदवला आणि अनसूयाबाईंचा जीव भांड्यात पडला.

आता कुणीही नोंदीला आलं की साहेब आधी विचारतात, "लागण की खोडवा?" आणि विचारताना त्यांचा हात आपसूक गालावर जातो.